चार्ल्स डाऊ

चार्ल्स हेन्री डाऊ (जन्म : ६ नोव्हेंबर १८५१, स्टर्लिंग, कनेक्टिकट, मृत्यू : ४ डिसेंबर १९०२, ब्रुकलिन, न्यू यॉर्क) हे अमेरिकन पत्रकार, डाऊ जोन्स अँड कंपनीचे सहसंस्थापक आणि द वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकाचे पहिले संपादक होते. किमतींच्या चढउतारांवरून बाजाराचा कल ओळखण्याच्या पद्धतीचा, म्हणजेच तांत्रिक विश्लेषणाचा, पाश्चात्त्य देशांतील पाया त्यांच्या लेखनाने घातला असे मानले जाते. चलनजोड्यांचे आलेख पाहून व्यवहार करणारेही त्यांच्या संकल्पना वापरतात; मात्र डाऊ यांचे लेखन शेअर बाजाराविषयी होते.

प्रारंभिक जीवन

डाऊ यांचा जन्म शेतकरी कुटुंबात झाला. ते सहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांचे निधन झाले. उच्च शिक्षण न घेताच ते पत्रकारितेत आले आणि त्यांनी स्प्रिंगफील्ड व प्रॉव्हिडन्स येथील वृत्तपत्रांत काम केले. १८७९ मध्ये कोलोरॅडोतील लीडव्हिल येथील चांदीच्या खाणी पाहण्यास निघालेल्या भांडवलदारांबरोबर ते बातमीदार म्हणून गेले. त्यानंतर ते न्यू यॉर्कला स्थायिक झाले.

कंपनी व निर्देशांक

नोव्हेंबर १८८२ मध्ये डाऊ यांनी एडवर्ड जोन्स आणि चार्ल्स बर्गस्ट्रेसर यांच्यासह कंपनी स्थापन केली. हाताने नक्कल केलेली बातमीपत्रे निरोपे पोऱ्यांकरवी वॉल स्ट्रीटवरील ग्राहकांना पोहोचवली जात. त्या काळी अनेक कंपन्या आपले हिशेब नियमितपणे जाहीर करत नसत, त्यामुळे सामान्य गुंतवणूकदाराची भिस्त अफवांवर असे.

३ जुलै १८८४ रोजी डाऊ यांनी ११ शेअरांच्या किमतींची सरासरी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ९ रेल्वेकंपन्या होत्या. ८ जुलै १८८९ रोजी द वॉल स्ट्रीट जर्नल सुरू झाले. २६ मे १८९६ रोजी १२ कंपन्यांचा औद्योगिक निर्देशांक प्रथम प्रसिद्ध झाला. १२ किमतींच्या बेरजेला १२ ने भागून तो काढला होता व त्याचे मूल्य ४०.९४ होते.

डाऊ सिद्धान्त

१८९९ ते १९०२ या काळातील अग्रलेखांत डाऊ यांनी बाजाराच्या तीन हालचाली सांगितल्या : काही वर्षे टिकणारा मुख्य कल, काही आठवडे वा महिने चालणारी दुय्यम हालचाल आणि रोजचे चढउतार. प्रत्येक शिखर आधीच्या शिखराहून उंच जात असेल, तर कल चढता समजावा, अशी त्यांची रीत होती. तरीही किंमत अखेरीस मूल्याकडेच वळते, असे त्यांचे मत होते. त्यांनी या विचारांचा ग्रंथ लिहिला नाही. ‘डाऊ सिद्धान्त’ हे नाव एस. ए. नेल्सन यांनी रूढ केले. पुढे विल्यम पीटर हॅमिल्टन (१९२२) व रॉबर्ट ऱ्हिया (१९३२) यांनी ग्रंथांद्वारे त्याची मांडणी केली.

चलनबाजारातील उपयोग

डाऊ अग्रलेख लिहीत होते त्या काळी सुवर्णमानामुळे एका पौंडाचा दर सुमारे ४.८७ डॉलरच्या आसपास स्थिर असे. १९७३ मध्ये प्रमुख चलनांचे दर तरते झाल्यावर आलेखपद्धतींना तेथे मोठा वाव मिळाला. शिखरे व तळ यांवरून कल ठरवण्याची रीत तेथे जशीच्या तशी लागू करता येते. मात्र डाऊ सिद्धान्तातील दोन कसोट्या अडचणीच्या ठरतात. औद्योगिक व रेल्वे निर्देशांकांनी एकमेकांना पुष्टी द्यावी, या अटीला एका चलनजोडीत समांतर काही नाही. तसेच चलनांचे बहुतांश व्यवहार एका केंद्रीय बाजारात होत नसल्याने एकूण उलाढालीचा तत्काळ आकडा मिळत नाही. त्यामुळे केवळ आलेखातील आकृतीला डाऊ सिद्धान्ताचा पूर्ण आधार आहे, असे म्हणता येत नाही.