गुरांमागे गेलेल्या पोरांपर्यंत शाळा नेणाऱ्या अनुताई वाघ

डहाणू : तालुक्यातल्या कुठल्याही पाड्यावर जाऊन अंगणवाडी कुठे आहे असं विचारलं, तर पाच वर्षांचं पोरही बोट दाखवतं. पण या शब्दाची मुळं आपल्याच पट्ट्यात, बोर्डी आणि कोसबाडच्या कामात आहेत, हे अनेकांना माहीत नसतं. ज्या दोन बायांनी हे काम उभं केलं त्यातल्या मोठ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान अनुताई वाघ. ताराबाईंनी दिशा दिली. पाड्यापाड्यावर पायपीट करून, वर्षानुवर्षं एकाच टेकडीवर राहून ते काम तडीस नेलं ते अनुताईंनी.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा वारला. तेरा वर्षांची विधवा म्हणजे पुढचं सगळं आयुष्य घराच्या मागच्या खोलीत, असा तो जमाना. पण घरच्यांनी तिला पुन्हा शाळेत घातलं. वडिलांचा त्या वेळचा हा निर्णय साधा नव्हता, कारण लोक काय म्हणतील हा प्रश्न तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी जड होता.

मुलगी हुशार निघाली. व्हर्नाक्युलर फायनल झाली, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिका झाली. आधी नाशिक जिल्ह्यात आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी केली. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत शिकायचं, असं करत १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. हुजूरपागा म्हणजे पुण्यातली नावाजलेली मुलींची शाळा. पगार चालू, नोकरी पक्की. एकट्या बाईला तेव्हा यापेक्षा जास्त सुरक्षित जागा मिळणं कठीणच होतं.

ती सोडून त्या १९४५ मध्ये बाहेर पडल्या. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर होतं, तिथे ताराबाईंची गाठ पडली. ताराबाई तेव्हा बालशिक्षणातलं मोठं नाव. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालमंदिर चालवलं होतं, पुढे मुंबईत दादरला शिशुविहार काढला होता. पण हे सगळं शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरातल्या मुलांसाठी. खेड्यातल्या गरीब पोरांना परवडेल अशी बालवाडी काढता येते का, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. त्याचं उत्तर शोधायला त्यांनी बोर्डी निवडली. अनुताई त्यांच्याबरोबर निघाल्या तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या.

बोर्डीचा पहिला धडा

१९४५ साल या भागाला वेगळ्या कारणानेही लक्षात आहे. त्याच वर्षी वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या मागे उभं राहून वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराकडे लग्नगडी म्हणून राबायची, ते याच तालुक्यांत. ज्या घरात आईबापाचा दिवसच स्वतःचा नव्हता, त्या घरातलं पोर पाटी घेऊन बसणार कधी?

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. मुलं येऊ लागली, पण कोणती? गावातल्या बऱ्या घरातली. हरिजन वस्तीतली आणि आदिवासी पाड्यावरची पोरं येईनात. घरं लांब होती हे एक कारण. दुसरं कारण कुणी तोंडाने बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं : वरच्या जातीच्या पोरांशेजारी आपल्या पोराला बसू देतील का, याची भीती. आणि ती काही उगाच नव्हती.

इथे दोन वाटा होत्या. आम्ही शाळा काढली, येत नाहीत तर त्यांचं नशीब, असं म्हणता आलं असतं. बहुतेक शाळा तेव्हा तेच म्हणत होत्या. ताराबाई आणि अनुताईंनी दुसरी वाट धरली. सामान उचललं आणि वस्तीतच गेल्या. कुणाचं तरी अंगण झाडलं, सारवलं आणि तिथेच पोरं गोळा करून बालवाडी भरवली. अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी.

काम कसलं होतं, तर आधी पोरांना अंघोळ घालायची. नखं कापायची, डोकं विंचरायचं, नाक पुसायचं. मग गाणी, गोष्टी, खेळ. पुण्यात शिकून आलेली ब्राह्मण बाई वस्तीतल्या पोरांना न्हाऊ घालते, हे त्या काळात वस्तीलाही नवं होतं आणि गावालाही. गावात कुजबुज झाली असणारच. अनुताई थांबल्या नाहीत.

पैशाचा प्रश्नही इथेच सुटला. माँटेसरी पद्धतीची साधनं महागडी, खेड्याला न परवडणारी. त्याऐवजी शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं, बांबू, माती असं आजूबाजूला फुकट मिळणारं सामान आलं. रंग ओळखायचे तर फुलं आहेत, लहान-मोठं शिकायचं तर दगड आहेत. पोराच्या हाताला ओळखीची वस्तू, त्यामुळे ते बुजत नाही, असा दुहेरी फायदा. आज बालवाडीताईंच्या प्रशिक्षणात परिसरातील साहित्य म्हणून जे शिकवतात, ते या मंडळींनी तेव्हाच करून दाखवलं होतं.

कोसबाडची टेकडी आणि कुरणशाळा

बोर्डीत अकरा-बारा वर्षं काढल्यावर, १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. इथे सगळी वस्ती वारल्यांची. आणि इथे प्रश्न आणखी अवघड झाला.

सहा-सात वर्षांचं पोर शाळेच्या वयाचं, असा सरकारचा हिशेब. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९४७ लाच झाला होता, मूल पाठवलं नाही तर पालकाला दंड करायची सोयही त्यात होती. पण पाड्यावरचा हिशेब वेगळा. सहा-सात वर्षांचा मुलगा म्हणजे गुराखी. तेवढ्याच वयाची मुलगी म्हणजे घरातल्या तान्ह्या भावंडाची आई. आईबाप मजुरीला गेले की गुरं त्याच्याकडे आणि बाळ तिच्याकडे. ही दोघं शाळेत गेली तर घरची चूल अडते. दंडाची भीती घालून हे सुटणारं नव्हतं. दंड भरायला तरी पैसे कुठले?

आजही पटावर नाव आहे आणि वर्गात पोर नाही, अशी वेळ आली की पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचं महत्त्व नाही, हे वाक्य लगेच निघतं. अनुताईंनी हजेरीपटाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. गैरहजर पोराचा दिवस कुठे जातो, हे त्यांनी आधी बघितलं. तो कुरणावर जातो, तर शाळा कुरणावर गेली पाहिजे.

म्हणून कुरणशाळा निघाली. जिथे पोरं गुरं चारायला नेतात तिथे शिक्षिका जायची. सोबत नेता येईल एवढंच सामान घ्यायचं आणि झाडाच्या सावलीत बसायचं. एक डोळा गुरांवर, एक अक्षरांवर. मोजायला गुरं होती, झाडं होती. गुरं पांगली की पोरं उठून धावणार, हे धरूनच चालायचं. घंटा वाजली की सगळे गप्प बसतील, असली अपेक्षाच नाही. शिकवणाऱ्याला हे किती जड जात असेल, ते ज्याने एक दिवस तरी चौथीच्या वर्गावर काढला आहे त्याला विचारावं.

मुलींचा प्रश्न आणखी हुशारीने सोडवला. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. थोरली कडेवर भावाला घेऊन आली तर येऊ दे. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि थोरली स्वतःच्या वर्गात. बाळ शेजारीच असल्याने तिचा जीवही लागून राहत नाही. या सगळ्या रचनेला नाव दिलं विकासवाडी. वर्गात येणाऱ्या मुलींची संख्या वाढवण्यासाठी वर्ग सोडून आधी पाळणा बांधावा लागतो, ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. पण कितीतरी शाळांना ती आजही सुचलेली नाही.

पोरांची घरची बोली शाळेतल्या पुस्तकाच्या मराठीपेक्षा निराळी. तिला हसायचं नाही, तिच्यातूनच पुस्तकाच्या भाषेकडे न्यायचं, ही इथली पद्धत. पाड्यावरची गाणी आणि नाच शाळेत आले. बालवाडीसाठी बाहेरून पदवीवाल्या बायका आणण्यापेक्षा आसपासच्याच बायकांना तयार करण्यावर अनुताईंचा भर होता. त्यांच्यासाठी वर्ग घेतले, बालवाडी कशी चालवावी यावर साध्या भाषेत पुस्तक लिहिलं, मुलांसाठी गाणी-गोष्टीही लिहिल्या.

दुसऱ्यांना शिकवताना स्वतःचं शिक्षण अर्धं राहिलं होतं, ते त्यांनी सोडलं नाही. कामातून वेळ काढून, डोळ्यांच्या दुखण्याशी झगडत त्यांनी अभ्यास केला आणि १९६१ मध्ये पदवी घेतली. तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे होतं.

ताराबाईंच्या नंतर

३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या. तब्बल अठ्ठावीस वर्षं अनुताई त्यांच्या हाताखाली काम करत होत्या आणि पुढे उभं राहण्याची घाई त्यांना कधी झाली नव्हती. आता सगळा भार त्यांच्यावर आला. अनुदानाची कागदपत्रं, देणगीदार, इमारती, शिक्षिकांच्या अडचणी, आणि त्यात अधू झालेले डोळे.

दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या गावपातळीवरच्या केंद्रांना नाव पडलं अंगणवाडी. आज एकट्या महाराष्ट्रात अशा लाखावर अंगणवाड्या आहेत. नाव गेलं तसं सगळं काम मात्र गेलं नाही. योजनेत आहार, लसीकरण आणि वजनाच्या नोंदी पुढे आल्या. खेळातून शिकवणं, जे बोर्डीच्या अंगणात सगळ्यात महत्त्वाचं होतं, ते बऱ्याच ठिकाणी मागे पडलं. त्यात सेविकेचा दोष काढण्यात अर्थ नाही. एकाच बाईने किती रजिस्टरं भरायची?

१९८२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी अनुताईंनी रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था सुरू केली आणि दाभोणच्या बाजूच्या पाड्यांवर नव्याने काम उभं राहिलं. ज्या वयात लोक नातवंडांत रमतात त्या वयात हे. पद्मश्री मिळाली, १९८५ साली जमनालाल बजाज पुरस्कारही मिळाला. मुंबई-दिल्लीतल्या लोकांना कोसबाड नकाशावर कुठे आहे हे त्यानिमित्ताने कळलं. त्यांच्या आठवणींचं पुस्तक आहे, त्याचं नावही कोसबाडच्या टेकडीवरून असंच आहे.

२७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईंचं निधन झालं. बोर्डीला यायला निघाल्या तेव्हापासून सत्तेचाळीस वर्षं त्या याच तालुक्यात होत्या. दिवाळीनंतर आजही इथली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर आणि बांधकामावर निघतात आणि पोरं बरोबर जातात. जानेवारीतल्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रेघा दिसतात.