कै. दादासाहेब फाळके व त्यांचीं मूक चित्रें

गत काळाचा वृत्तान्त आपणांस ग्रंथांतून वाचतां येतो. परंतु त्या काळचीं माणसें चालतांना, हसतांना व डोळे पुसतांना पहावयाचीं असतील, तर जुन्या मूकपटासारखें दुसरें साधन नाहीं. हें साधन आपल्या देशांत रुजविणारे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा अल्प परिचय येथें करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दादासाहेबांचा जन्म ता. ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत त्यांचें शिक्षण झालें. पुढें त्यांनीं छायाचित्रें काढण्याचा धंदा केला, छापखाना चालविला. पण कोठेंच स्थैर्य लाभलें नाहीं. इ. स. १९११ च्या सुमारास मुंबईंत येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहतांना, आपले राम-कृष्ण असेच पडद्यावर कां दिसूं नयेत, हा विचार त्यांच्या मनांत आला आणि त्यानें त्यांस झपाटून टाकलें.

विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ सालीं लंडनला गेले व कॅमेरा घेऊन परतले. धनिकांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं कुंडींत पेरलेल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो, याचें चित्र घेऊन दाखविलें. पत्नी सरस्वतीबाई यांनीं आपले दागिने दिले. एवढेंच नव्हे, तर फिल्मला भोकें पाडण्याचें व ती धुण्याचें कामही त्या करीत. पडद्यावर येण्यास कोणी स्त्री तयार होईना, तेव्हां उपाहारगृहांत काम करणारे साळुंके तारामती झाले. अखेर ता. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. पुढें ‘लंकादहन’ व ‘कालियामर्दन’ या चित्रांनीं त्यांचें नांव सर्वतोमुखीं केलें. परंतु बोलपटाचें युग येतांच त्यांचा काळ ओसरला. १९३७ सालचें ‘गंगावतरण’ हें त्यांचें अखेरचें चित्र. ता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें निधन झालें.

त्या काळची फिल्म ज्वालाग्राही असे व काळें लोटतां तिचा भुगा होई. त्यामुळें दादासाहेबांचीं बहुतेक चित्रें नष्ट झालीं. थोडे तुकडे पुण्याच्या चित्रपट-संग्रहालयानें जतन केले आहेत. ते पाहतांना आम्हांस एक नवल वाटतें. दादासाहेबांनीं देव दाखवावयाचे योजिलें होतें. आज आपणांस दिसतात तीं त्यांच्या काळचीं माणसें. बाळकृष्ण झालेली त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी खट्याळपणें पाहते. ओल्या लुगड्यांतील पुरुष सख्यांची भूमिका वठवितात. एका तुकड्यांत तर खुद्द दादासाहेब फिल्म हातीं घेऊन कामांत गढलेले दिसतात. तीं सर्व माणसें केव्हांच निघून गेलीं, तरी तितके क्षण त्यांचा वावर अद्याप चालूच आहे.

आमच्या विद्यार्थ्यांच्या घरींही जुन्या पेटींत एखादी पिवळी पडलेली तसबीर असेल. ती कोणाची, हें सांगणारे आजी-आजोबा आहेत तोंवर त्यांस नांवें विचारून मागें लिहून ठेवावीं. पालकांनींही या कामीं मुलांस हात द्यावा. जें एका थोर पुरुषाच्या आयुष्यभराच्या श्रमांचें झालें, तें आपल्या घरच्या आठवणींचें होऊं नये, एवढीच आमची इच्छा आहे.