बाबासाहेबांची नोकरी आणि आपले नोकरदार

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण महाडचे पाणी, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, राज्यघटना आणि धम्मदीक्षा या क्रमाने वाचतो. ते योग्यच आहे. पण बाबासाहेबांनी नोकऱ्याही केल्या, साहेबांच्या हाताखाली काम केले, सहकाऱ्यांचे टोमणे सोसले आणि राजीनामेही दिले, ही बाजू जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते. आज पुण्यात समाजाची दुसरी-तिसरी पिढी सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, महापालिकेत, संरक्षण खात्याच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरी करीत आहे. वकील म्हणून आमच्यापुढे या नोकरदारांचे जे कागद येतात, त्यांत तक्रार बहुधा एकच असते. काम चोख होते, पण वरिष्ठांच्या कानात कोणीतरी काहीतरी भरले, गोपनीय अहवाल बिघडला आणि बढती हुकली.

अशा माणसाला यशाचे मार्ग सांगणारी पुस्तके बाजारात ढिगाने मिळतात. साहेबांना खूश ठेवा, सर्वांशी गोड बोला, वादात पडू नका, आपले नाव जपा, असा त्यांचा उपदेश असतो. ज्याच्या आडनावावर आधीच शिक्का बसलेला नाही, त्याला हा उपदेश पुरत असेल. पण ज्याची जात त्याच्या अर्जाच्या आधी साहेबांच्या टेबलावर पोहोचते, त्याने नाव कसे जपावे? याचे उत्तर आम्हाला बाबासाहेबांच्या नोकरीच्या दिवसांत सापडते.

सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्यास रुजू झाले. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकले होते आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट ठेवून परतले होते. शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार होता. महालेखापालांच्या कचेरीत त्यांची उमेदवारी सुरू झाली. त्या कचेरीत त्यांच्याएवढा शिकलेला माणूस शोधून सापडला नसता. तरी शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबूनच फेकीत आणि प्यायला पाणी मिळत नसे. शहरात राहायला कोणी जागा देईना, तेव्हा त्यांना पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही घरची अडचण सांगून नकार दिला. रात्रीच्या गाडीची वाट पाहत या विद्वान माणसाने बडोद्याच्या सार्वजनिक बागेत तास काढले.

वाचकांनी या प्रसंगावर रडून थांबू नये, थोडा विचार करावा. बाबासाहेबांनी उसने नाव घेतले ते नाइलाजाने, डोक्यावर छप्पर हवे म्हणून. ते नाव अकरा दिवस पुरले. आज आपल्यातले काही जण कोणाचा नाइलाज नसताना आडनाव बदलतात, कचेरीत जयभीम म्हणणाऱ्याला ओळख दाखवीत नाहीत, घरातला बाबासाहेबांचा फोटो पाहुणे येणार म्हणून आतल्या खोलीत नेतात. लपवून मिळवलेली प्रतिष्ठा किती दिवस टिकते, याचा हिशोब बडोद्याने १९१७ सालीच मांडून ठेवला आहे. शिवाय लपणारा माणूस कायम धाकात जगतो. ज्याला त्याचे गुपित माहीत असते, तो त्याचा खरा साहेब होतो.

मुंबईला परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या, शेअर बाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके येईनाशी झाली आणि व्यवसाय बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून दरमहा ४५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. हा काय शिकवणार, असे विद्यार्थ्यांना आधी वाटले. बाबासाहेबांनी त्यावर वाद घातला नाही, तयारी केली. थोड्याच दिवसांत इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीसुद्धा परवानगी घेऊन त्यांच्या तासाला बसू लागले.

म्हणजे कामाने नाव झाले. पण त्याच महाविद्यालयात प्राध्यापकांच्या खोलीतील माठाचे पाणी त्यांनी पिण्याला काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. आमच्या मते या चरित्राचा खरा धडा इथे आहे. उत्तम कामाने वर्ग भरला, पण माठ खुला झाला नाही. काम चांगले करा म्हणजे जात आपोआप विसरली जाईल, असे आपल्या मुलांना सांगणारे वडीलधारे अर्धेच सत्य सांगतात. काम चोख हवेच, कारण आपल्या चुकीची वाट पाहणारे डोळे जास्त असतात. पण माठ खुला करायला नियम लागतो आणि नियमामागे संघटना लागते. बाबासाहेबांनी पुढची सारी वर्षे या दुसऱ्या कामाला दिली.

प्राध्यापक असतानाच, ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' काढले. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव घालणे शक्य नव्हते, म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव घातले. नोकरीच्या नियमांत राहून चळवळ कशी करावी, हे त्यांनी तेव्हाच करून दाखवले. त्याच मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि साठवलेला पगार, छत्रपती शाहू महाराजांची मदत व मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडन गाठले. नोकरी त्यांना साधन होती. आपल्याकडे नोकरी लागली की शिक्षण संपते आणि बढती मिळाली की समाज संपतो.

१९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा सॉलिसिटर मंडळी त्यांना काम देत नव्हती. तरी तीन वर्षांत आपल्या पुण्याने त्यांची वकिली पाहिली. दिनकरराव जवळकरांच्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेवरून टिळक व चिपळूणकर यांच्या बदनामीचा खटला झाला. खालच्या कोर्टाने जवळकर, केशवराव जेधे आदींना शिक्षा दिली. अपिलात १९२६ साली पुण्याच्या सेशन कोर्टात बाबासाहेब उभे राहिले आणि आरोपींना सोडवले. ज्या शहरात ब्राह्मणेतरांना तोंड उघडणे जड जात होते, तिथे त्यांनी कायद्याच्या मुद्द्यावर, आवाज न चढवता बाजी मारली. नाव असे होते.

मग त्यांनी कामगारांच्या प्रश्नाला हात घातला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की, आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत, म्हणून अस्पृश्याला पोर्टरसुद्धा करीत नसत. बढती अडवण्याचे कारण कामात नव्हते, घरातल्या विटाळात होते. कार्यालयातले राजकारण म्हणतात ते पुष्कळदा हेच असते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. एवढी मोठी खुर्ची मिळाल्यावर बाबासाहेब गप्प बसले नाहीत. त्याच ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयना सादर केले. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला आणि जून १९४६ मध्ये तो आकडा १२.५ टक्के झाला. पुढे राज्यघटनेत कलम १६(४) आले, आणि सरकारी नोकराला चौकशीविना बडतर्फ करता येणार नाही हे सांगणारे कलम ३११ आले. सिडनहॅममध्ये ज्याला माठाचे पाणी नाकारले, त्याने लाखो लोकांसाठी कचेरीचे दार नियमाने उघडले.

मंत्रिमंडळातही राजकारण चुकले नाही. नियोजन खाते मिळाले नाही, मंत्रिमंडळाच्या समित्यांवर घेतले गेले नाही, हिंदू कोड बिल रखडवले गेले. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. संसदेत निवेदन करण्यात अडथळा आला तेव्हा त्यांनी ते वृत्तपत्रांकडे दिले. आपण का गेलो हे दुसऱ्याने सांगण्याआधी त्यांनी स्वतः लिहून ठेवले. आपल्या नावाची राखण ही अशी कागदावर करायची असते, हे प्रत्येक नोकरदाराने शिकावे.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. शिकून हे लोक समाजाची सेवा करतील ही त्यांची अपेक्षा होती आणि ती फोल ठरली होती. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

ती खंत पुसण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच पुण्यात झाला. १९६० च्या दशकात येथील स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत आंबेडकर जयंती व बुद्धजयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. दीनाभाना या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला म्हणून त्यांना निलंबित केले. तिथेच अधिकारी असलेले कांशीराम आणि सहकारी डी. के. खापर्डे त्यांच्यामागे उभे राहिले. सुट्ट्या परत मिळाल्या, दीनाभाना कामावर परतले, आणि पुढे ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ उभी राहिली. एका चपराशाची बाजू एका अधिकाऱ्याने घेतली, तेथून हा इतिहास सुरू झाला.

आज आपल्या हातात हत्यारे अधिक आहेत. २००५ चा माहिती अधिकार आहे. २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध दाद मागता येईल. आपले किती कर्मचारी आपला अहवाल दरवर्षी मागून वाचतात? तोंडी आदेश आला तर तो लेखी मागतात? बढती हुकल्यावर मुदत संपून आमच्याकडे येण्यापेक्षा नोंद कळताच अर्ज करावा. आणि शेजारच्या टेबलावरील समाजबांधवाला मेमो मिळाला तर मान खाली घालून फाईल चाळत बसू नये. आज त्याची पाळी आहे, उद्या आपली असेल. त्याच्या अर्जावर साक्षीदार म्हणून आधी आपली सही करावी, पूर्ण नावानिशी आणि आडनावानिशी.