नूरजहाँने एका दिवसात पाडली बारा राशींची नाणी? जहांगीरची खरी गोष्ट काय आहे?

ही गोष्ट तुमच्या फीडमध्ये कधीतरी येऊन गेली असेल. नूरजहाँने बादशहा जहांगीरकडे फक्त एका दिवसाचं राज्य मागितलं. तो हसून हो म्हणाला. तिने सगळी तयारी आधीच गुपचूप करून ठेवली होती. त्या 24 तासांत तिने टांकसाळींमधून बारा राशींची चित्रं असलेली नाणी पाडून घेतली आणि इतिहासात नाव कोरलं.

गोष्ट झकास आहे, पण खरी नाही.

ती आपल्यापर्यंत आली ताव्हर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्यामुळे. तो भारतात पोचला तेव्हा जहांगीर जाऊन दहाएक वर्षं झाली होती. म्हणजे त्याने लिहिली ती बाजारात ऐकलेली कहाणी. आणि ती खोटी पाडायला दुसरं कोणी लागत नाही, ती नाणीच पुरेशी आहेत. अहमदाबादच्या राशीच्या रुपयांवर हिजरी 1027, म्हणजे आपलं 1618 साल आहे. आग्र्याच्या सोन्याच्या मोहरा त्यानंतर कित्येक वर्षं निघत राहिल्या. एका दिवसाच्या राज्यात हे बसत नाही.

मग ही कल्पना कोणाची? खुद्द जहांगीरची. त्याने आपल्या आठवणींच्या ग्रंथात तसं नोंदवून ठेवलंय.

जहांगीर म्हटलं की आपल्याला अनारकली आठवते, न्यायाची साखळी आठवते आणि दारू आठवते. यातली दारू नक्की खरी. 1569 मध्ये फत्तेपूर सीक्रीला जन्मलेला हा सलीम, अकबराचा नवसाचा मुलगा. अठराव्या वर्षी प्यायला लागला आणि पुढे दिवसाला वीस पेल्यांपर्यंत गेला, हेही त्याने स्वतःच लिहिलंय. मुराद आणि दानियाल हे त्याचे दोन भाऊ दारूनेच गेले. बापाविरुद्ध बंड करून अलाहाबादला वेगळा दरबार थाटला, बापाचा जिवलग अबुल फझल याला मारवलं. 1605 मध्ये गादीवर आल्यावर काही महिन्यांतच त्याच्या मुलाने, खुसरोने, बंड केलं. ते मोडल्यावर त्याने मुलाला आंधळं करवलं. माणूस म्हणून आवडावा असा तो नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं.

पण त्याची नजर विलक्षण होती. एकाच चित्रात चेहरा एकाने आणि डोळे दुसऱ्याने काढले असतील तर कोणाचं काय ते ओळखतो, असा त्याचा दावा होता. त्याचा माणूस मुकर्रब खान गोव्याच्या बंदरातून अजब प्राणी घेऊन आला, तेव्हा त्यातल्या टर्की पक्ष्याचं त्याने बारकाईने वर्णन लिहिलं आणि चित्रकारांना बोलावून चित्रं काढून घेतली. वाचून समाधान व्हायचं नाही, डोळ्यांना दिसायला हवं, असा खाक्या.

आता हाच माणूस टांकसाळीचा मालक झाला तर काय होईल?

मुघल नाण्यांवर तोवर बहुतेक फक्त अक्षरं असायची: बादशहाचं नाव, टांकसाळीचं गाव, साल. सजीवांची चित्रं नाण्यावर आणणं धर्माच्या दृष्टीने अनेकांना खटकणारं होतं. अकबराने तुरळक प्रयोग केले होते. जहांगीरने 1611 च्या सुमारास थेट स्वतःचं चित्र सोन्यावर छापलं. काही मोहरांवर तर त्याच्या हातात पेला आहे! मागच्या बाजूला सिंह आणि सूर्य. या मोहरा बाजारासाठी नव्हत्याच, मर्जीतल्या सरदारांना मानाची भेट म्हणून दिल्या जायच्या.

राशींची कल्पना सुचली ती 1618 मध्ये, तो गुजरातेत असताना. अहमदाबादच्या धुळीला तो इतका वैतागला होता की त्याने शहराला एकाहून एक खवचट नावं ठेवली. पण त्याच मुक्कामाच्या वर्षी त्याने ठरवलं की नाण्यावर महिन्याचं नाव लिहायचं त्याऐवजी त्या महिन्याच्या राशीचं चित्र टाकायचं.

इथे एक बारीक गोष्ट समजून घ्यायला हवी. हिजरी महिने चंद्राचे, ते ऋतूंमधून सरकत जातात. त्यांची राशींशी जोडी जमत नाही. पण अकबराने सौर इलाही पंचांग सुरू केलं होतं. त्याचं वर्ष मार्चमध्ये, सूर्य मेषेत शिरला की सुरू व्हायचं, त्यामुळे प्रत्येक महिन्याला एक रास आपोआप मिळाली. पहिल्या महिन्याचं नाणं मेंढ्याचं, दुसऱ्याचं बैलाचं. (आपण पत्रिकेतली रास सांगतो ती चंद्राची. त्यामुळे ‘माझ्या राशीचं नाणं’ शोधणाऱ्यांनी आधी सूर्याची रास बघावी.)

नाणं केवढं? सोन्याची मोहर साधारण 11 ग्रॅमची, आकाराने जवळपास आपल्या एक रुपयाएवढी. ठसा कारागिराने हाताने उलटा कोरायचा आणि हातोड्याच्या घावाने उमटवायचा. ठसा झिजला की नवा कोरायचा. म्हणून एकाच राशीचे दोन बैलही अगदी सारखे दिसत नाहीत.

मला विचाराल तर सगळ्यात देखणा वृषभच. मागे सूर्याची किरणं, पुढे अंगात रग असलेला बैल. कारागिराने बैल नीट पाहिलेला आहे, हे कळतं. सिंह, विंचू, खेकडा हेही त्या छोट्याशा वर्तुळात मस्त बसतात. माणसांच्या राशी मात्र मला अवघडल्यासारख्या वाटतात. मिथुनाची जोडी तर दाटीवाटीने उभी केल्यासारखी दिसते.

आणि सगळ्यात कमी आवडणारं? त्याचंच सगळ्यात प्रसिद्ध नाणं. 1613 ची आग्र्याची हजार तोळ्यांची मोहर: वजन जवळपास 12 किलो, व्यास 20 सेंटीमीटरच्या वर. तिच्यावर नुसता मजकूर आहे, चित्र नाही. अक्षर सुरेख आहे, पण ती दिपवण्यासाठी बनवलेली वस्तू आहे. 1987 मध्ये ती जिनिव्हात लिलावाला येणार अशी बातमी फुटली, सीबीआय मागे लागली, पण मोहर काही हाती लागलेली नाही.

1627 मध्ये काश्मीरहून लाहोरला परतताना जहांगीर वाटेतच वारला. पुढे शहाजहानने टांकसाळीला पुन्हा अक्षरांवर आणलं, नाण्यावर कलमा ठळक झाला. राशीची नाणी गोळा करून वितळवायचा हुकूम त्याने दिला, असं ताव्हर्निये सांगतो. त्याच्या आधीच्या गोष्टीवरून याच्यावर किती विसंबायचं हे तुम्हीच ठरवा. पण नाणी दुर्मीळ झाली हे खरं. ती संग्राहकांना इतकी हवीशी झाली की मागाहून त्यांच्या भरपूर नकला निघाल्या. कोणी बाराचा अख्खा चकचकीत संच स्वस्तात देत असेल, तर हात आखडता घ्या. अस्सल नाणी बघायची तर ब्रिटिश म्युझियमसारखा संग्रह गाठावा लागतो.

आणि नूरजहाँ? तिला ही उसनी गोष्ट चिकटवायची गरजच नव्हती. जहांगीरच्या शेवटच्या वर्षांत, साधारण 1624 पासून, तिच्या नावाची नाणी खरोखर निघाली, एका नव्हे तर अनेक टांकसाळींमधून. त्यांवर बैल नाही, सिंह नाही. फारसी ओळींमध्ये जहांगीरच्या नावाशेजारी तिचं नाव आहे, बस. पोस्ट टाकायचीच असेल तर त्या नाण्याचा फोटो टाका.