मसुदे तपासणारे जोनाथन पोस्टेल

ग्रंथ लिहिणारास कीर्ति मिळते. त्याचा मसुदा तपासणारास ती क्वचितच लाभते. जोनाथन पोस्टेल ह्यांस ती लाभली, म्हणून त्यांची हकीकत आम्ही वाचकांस सादर करितों.

६ ऑगस्ट १९४३ रोजीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत त्यांचा जन्म झाला. लॉस अँजेलिस येथें विद्यापीठांत ते शिकत असतां, १९६९ सालीं, दूरदूरचे संगणक एकमेकांस जोडण्याचें काम निघालें, त्यांत ते शिरले. दोन संगणकांतील दुवा कसा जुळवावा, कोणत्या आज्ञेचा कोणता अर्थ घ्यावा, हें सांगणाऱ्या टिपणांस आर. एफ. सी. म्हणत. त्यांचें संपादन पोस्टेल ह्यांच्याकडे आलें, तें मरेपर्यंत राहिलें. मसुद्यांतील एक वाक्य दोन अर्थांनीं वाचतां आलें, तर दोन ठिकाणीं दोन तऱ्हेची यंत्ररचना होणार आणि जोडलेली तार मुकी राहणार! वह्या तपासणाऱ्या आम्हां शिक्षकांच्या चुकीनें फार तर एका मुलाचे गुण जातात. कोणता आंकडा कोणत्या कामास दिला, ह्याची नोंदहि तेच ठेवीत.

१९८१ सालीं निघालेल्या आय. पी. व टी. सी. पी. ह्यांच्या टिपणांवर संपादक म्हणून त्यांचें नांव आहे. पैकीं दुसरें २०२२ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षें, चाललें.

१६ ऑक्टोबर १९९८ रोजीं हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. त्यांच्याच व्हॅन नाइज हायस्कुलांत शिकलेले विंटन सर्फ ह्यांनीं मृत्युलेख लिहिला; तो त्याच मालिकेंत, आर. एफ. सी. २४६८ ह्या क्रमांकानें, प्रसिद्ध झाला.