सोंग आणि ढोंग

सोंग आणि ढोंग हे दोन शब्द वरवर सारखे वाटतात. पण त्यांत मोठे अंतर आहे. नट सोंग घेतो, तेव्हा ते सोंग आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असते. ढोंगी मनुष्य मात्र आपले ढोंग खरे म्हणून खपवतो आणि त्यावर स्वार्थ साधतो. हा भेद रंगभूमीवरून दाखवणारा आणि त्यासाठी मोठी किंमत मोजणारा नाटककार म्हणजे फ्रान्सचा मोलिएर.

मोलिएरचे मूळ नाव झाँ बाप्तिस्त पोकलँ. त्याचा जन्म १६२२ साली पॅरिसमध्ये झाला. त्याच्या वडिलांकडे राजवाड्यातील गाद्या, पडदे व बैठकी यांची व्यवस्था पाहण्याचे मानाचे काम होते. हे काम पुढे मुलाकडे येणार, असे ठरलेले होते. तो दहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. जेझुइट धर्मगुरूंच्या विद्यालयात त्याला उत्तम शिक्षण मिळाले. परंतु त्याच्या मनाला रंगभूमीची ओढ लागली होती. १६४३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, घरचा मान सोडून त्याने काही सहकाऱ्यांसह नाटकमंडळी स्थापन केली आणि पुढे ‘मोलिएर’ हे नाव धारण केले. मंडळी कर्जात बुडाली व १६४५ मध्ये त्याला तुरुंगवास घडला. सुटकेनंतर बारा-तेरा वर्षे तो गावोगावी खेळ करीत हिंडला. या भ्रमंतीत माणसांचे नाना स्वभाव त्याला जवळून पाहायला मिळाले. १६५८ मध्ये त्याने चौदाव्या लुई राजापुढे प्रयोग केला. राजा प्रसन्न झाला आणि मंडळीला पॅरिसमध्ये रंगमंदिर मिळाले.

त्या काळी फ्रान्समध्ये धर्मसंस्थेचा मोठा दबदबा होता. समाजात खरे श्रद्धाळू लोक होते, तसेच धार्मिकतेचा देखावा करून प्रतिष्ठा मिळवणारेही होते. अशाच एका ढोंग्यावर मोलिएरने ‘तार्त्युफ’ हे नाटक लिहिले. ऑर्गों नावाचा श्रीमंत गृहस्थ देवळात मोठ्या भक्तिभावाने प्रार्थना करणाऱ्या तार्त्युफला पाहतो आणि त्याला घरी आणतो. हळूहळू तो त्याच्या पूर्णपणे आहारी जातो. तो वाङ्‌निश्चय झालेल्या आपल्या मुलीचा विवाह तार्त्युफशी ठरवतो, सत्य सांगणाऱ्या मुलाला घराबाहेर काढतो आणि सारी मालमत्ता त्या ढोंग्याच्या नावे करून देतो. अखेर पत्नी त्याला टेबलाखाली लपवून तार्त्युफचे खरे रूप दाखवते, तेव्हा त्याचे डोळे उघडतात. पण तोवर घर हातचे गेलेले असते. राजाच्या न्यायामुळेच त्या कुटुंबाची सुटका होते.

या नाटकात तार्त्युफइतकाच ऑर्गोंही महत्त्वाचा आहे. तो दुष्ट नाही. परंतु त्याच्या धर्मोत्साहाला विवेकाची जोड नाही. ढोंग एकट्याच्या बळावर टिकत नाही. भोळ्या माणसांचा आंधळा उत्साह त्याला पोसतो, हे मोलिएरने अचूक हेरले होते. ऑर्गोंची भूमिका तो स्वतःच करीत असे.

नाटकाचा पहिला प्रयोग १२ मे १६६४ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात झाला. तेव्हा ते तीन अंकी होते. राजाला ते आवडले, तरी धर्ममार्तंडांच्या दडपणामुळे जाहीर प्रयोगांवर बंदी आली. एका धर्मगुरूने तर लेखकाला जिवंत जाळावे, अशी मागणी केली. मोलिएरने राजाकडे अर्ज केला. आपला रोख खऱ्या भक्तांवर नसून भक्तीचे सोंग आणणाऱ्या भामट्यांवर आहे, असे त्याने त्यात मांडले. १६६७ मध्ये नाटकाचे शीर्षक व नायकाचे नाव बदलून त्याने प्रयोग केला. तोही दुसऱ्याच दिवशी बंद पडला. पॅरिसच्या आर्चबिशपने ते पाहणाऱ्यांना व वाचणाऱ्यांना बहिष्काराची धमकी दिली. तरीही मोलिएर मागे हटला नाही. अखेर ५ फेब्रुवारी १६६९ रोजी बंदी उठली आणि नाटक पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली.

१७ फेब्रुवारी १६७३ रोजी मोलिएर आपल्या शेवटच्या नाटकात आजारपणाच्या भ्रमाने पछाडलेल्या माणसाची भूमिका करीत होता. त्या वेळी तो स्वतः खरोखरच गंभीर आजारी होता. प्रयोग पुरा करून तो घरी गेला आणि काही तासांतच त्याचे निधन झाले. त्या वेळच्या नियमानुसार, आपला व्यवसाय नाकारल्याखेरीज नटाला धार्मिक दफन मिळत नसे. मोलिएरने तसे केले नव्हते. पत्नीने राजाकडे विनवणी केल्यावर रात्रीच्या वेळी, कोणत्याही समारंभाविना, त्याचे दफन झाले. सर्वांच्या देखत सोंग घेणाऱ्या नटाला समाजाने हीन मानले. ढोंग करणारे मात्र प्रतिष्ठित म्हणून मिरवत राहिले.

पुढे मोलिएरची नाटके जगातील अनेक भाषांत गेली. मराठीत हरी नारायण आपटे यांनी त्याच्या प्रहसनांची रूपांतरे केली. आचार्य अत्रे यांचे ‘कवडीचुंबक’ हे नाटकही त्याच्याच नाटकावर आधारलेले आहे. माणसाची श्रद्धा ही मोलाची ठेव आहे. ती कोणाच्या हाती सोपवायची, हे डोळसपणे ठरवावे, हीच मोलिएरच्या जीवनाची आणि नाटकाची शिकवण आहे.