पुढचे काम, मागचे काम : ख्रिस्तोफर स्ट्रेची

घरी पोळ्या होतात तेव्हा पुढच्या शेगडीवर तवा असतो आणि मागच्या शेगडीवर कुकर. सारे लक्ष पोळीकडे, पण शिट्टी झाली की हात कुकरकडे जातो. आपला संगणकही असेच करतो. आपण मराठी निबंध टाइप करतो, ते पुढचे काम, म्हणजे फोरग्राउंड. कळ दाबली की अक्षर त्यालाच मिळते. त्याच वेळी छपाई चालू असते, ते मागचे काम, म्हणजे बॅकग्राउंड. ही सोय ज्यांच्या विचारातून आली, त्यांपैकी एक ख्रिस्तोफर स्ट्रेची. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनमध्ये झाला. केंब्रिजला शिकताना ते आजारी पडले. पदवीला गुणही बेताचेच मिळाले. पुढे ते शाळामास्तर झाले. १९५१ साली हॅरो शाळेत शिकवत असताना त्यांनी मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकासाठी लांबलचक प्रोग्रॅम लिहिला. ते रात्रभर यंत्रापाशी बसले आणि शेवटी यंत्राने भोंग्यातून ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजवले! त्याच वर्षी बीबीसीने त्या संगणकाचे संगीत ध्वनिमुद्रित केले. तबकडीवरचे सूर मात्र बिघडले होते. ते २०१६ मध्ये आपल्या क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठाचे प्रा. जॅक कोपलँड आणि संगीतकार जेसन लाँग यांनी दुरुस्त केले.

त्या काळी संगणक फार महाग होते. एक माणूस आपली चूक शोधत डोके खाजवत बसला, की यंत्र रिकामे आणि बाकीचे रांगेत. १९५९ साली पॅरिसला युनेस्कोच्या परिषदेत स्ट्रेची यांनी उपाय मांडला. माणूस विचार करत असेल तेवढ्यात यंत्राने दुसऱ्याचे काम करावे आणि सर्वांवर देखरेख करायला एक मुख्य प्रोग्रॅम असावा. अमेरिकेतही असाच विचार चालू होता. १९६१ मध्ये तिथल्या एमआयटी संस्थेत तशी पद्धत चालवून दाखवली गेली. यंत्रापुढे बसलेल्यांचे काम पुढे आणि रांगेतले काम मागे!

१९६५ पासून स्ट्रेची ऑक्सफर्डला होते. १९७१ साली ते तिथे प्राध्यापक झाले. १८ मे १९७५ रोजी, ५८ व्या वर्षी, ते वारले. बेताच्या गुणांवर माणसाची किंमत ठरत नाही, हे आम्हांला त्यांच्याकडून शिकण्यासारखे वाटते.

आता घरच्या संगणकावर कोणते काम पुढे आहे आणि कोणती मागे, ते पाहा. पुढच्या शनिवारी वर्गात मराठीतून सांगा!